१८१ अंशांचा त्रिकोण आणि वर्गातली मोफत साधनं

पडद्यावर त्रिकोण होता, तिन्ही कोनांची मापं त्यावर दिसत होती आणि मी मोठ्या थाटात एक शिरोबिंदू इकडून तिकडे ओढत होते. "बघा, कसाही ओढा, बेरीज १८०च." तेवढ्यात शेवटच्या बाकावरून एका मुलीचा आवाज आला, "बाई, १८१ येतेय." मी पडद्याकडे पाहिलं. ६०, ६१, ६०. खरंच १८१. संगणकाने खाली स्वतः केलेली बेरीज मात्र १८० दाखवत होती. वर्गात खसखस पिकली.

झालं होतं एवढंच की मापांपुढची दशांश स्थळं पडद्यावर गिचमिड दिसतात म्हणून आदल्या रात्री मी ती शून्यावर आणली होती. खरे कोन ५९.६, ६०.६ आणि ५९.८ अशासारखे असणार. तिन्ही जवळच्या पूर्णांकावर गेले आणि एक अंश फुकटचा पदरात पडला. हे लक्षात यायला मला दोनेक मिनिटं लागली आणि वर्गासमोर दोन मिनिटं फार लांब असतात. पण त्यानंतर अर्धा तास वर्ग माझ्या हातात राहिला नाही. मुलं पाळीपाळीने माउस घेऊन १७९ कुठे मिळतो ते शोधू लागली. मिळाला. मग १७८ चा शोध सुरू झाला. तो काही केल्या मिळेना, आणि का मिळत नाही हे शेवटी त्याच मुलीने सांगितलं: एका कोनाची चूक फार तर अर्धा अंश, तिघांची मिळून दीड, आणि फरक पूर्णांकातच यायला हवा, म्हणून एकाच्या पुढे जाताच येत नाही.

मी गणित आणि विज्ञान शिकवते. माझ्याकडे एक जुना लॅपटॉप, एक प्रोजेक्टर, माझा मोबाइल आणि चार-पाच मुलांत मिळून एक टॅब्लेट एवढंच सामान आहे. गेल्या काही वर्षांत या सामानावर मी पुष्कळ मोफत साधनं वापरून पाहिली. त्यातली बरीचशी सोडली, काही टिकली. जी टिकली ती कशी वापरायची ते इथे लिहिते. "शिक्षकांसाठी ५० उपयुक्त ॲप्स" अशा याद्या मीही साठवून ठेवल्या होत्या, एकीचाही उपयोग झाला नाही.

सुरुवात वहीपासून

साधन शोधायच्या आधी एक साधी वही करा. माझ्या वहीवर "अडलं" असं लिहिलेलं आहे. तास संपला की वर्ग कुठे अडला ते एका ओळीत टिपायचं. "अपूर्णांकांची बेरीज: वरचे वर, खालचे खाली." "दिव्यातून गेल्यावर वीजप्रवाह कमी होतो असं वाटतं." "आलेखात a ऋण झाला की काय होतं ते पाठ आहे, दिसत नाही." महिनाभर अशा ओळी जमल्या की त्यांतल्या दोन-तीन पुन्हा पुन्हा आलेल्या दिसतात. साधन शोधायचं ते त्यांच्यासाठी.

मग स्वतःला विचारायचं, ही अडचण खडूने सुटणार नाही असं तिच्यात काय आहे? आकृती हलवून पाहायला हवी असेल, डोळ्यांना न दिसणारं काही दाखवायचं असेल, किंवा सगळ्या वर्गाचं उत्तर एकाच वेळी कळायला हवं असेल, तर पडदा उघडायला कारण आहे. नाहीतर फळा पुरतो. सुवाच्य अक्षरात फळ्यावर लिहिलेलं गणित स्लाइडवर टाकल्याने काही जास्त कळत नाही, उलट मुलं उतरवून घेण्याआधीच पान पुढे जातं.

हलणारी आकृती: जिओजेब्रा

जिओजेब्रा म्हणजे आकृत्या आणि आलेख काढून ते हलवून पाहायचं साधन. ते मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात आपल्या पदव्युत्तर अभ्यासाचा भाग म्हणून सुरू केलं. ते ब्राउझरमध्ये चालतं आणि संगणकावर उतरवून घेतलं तर इंटरनेट नसतानाही चालतं. खातं उघडायची गरज नाही. शिकवण्या-शिकण्यासाठी ते मोफत आहे.

माझा तो त्रिकोण असा करायचा. पॉलिगॉनचं साधन निवडा, तीन ठिकाणी टिचकी मारा आणि पुन्हा पहिल्या बिंदूवर टिचकी मारून आकृती बंद करा. मग कोनाचं साधन घेऊन तीन बिंदू क्रमाने टिपा, ज्याचा कोन हवा तो शिरोबिंदू मधे. इथे हमखास एक गोची होते. क्रम उलटा झाला तर आतल्या कोनाऐवजी बाहेरचा, ३०० च्या घरातला मोठा कोन येतो. घाबरू नका, तो पुसा आणि पहिला व तिसरा बिंदू अदलाबदल करून पुन्हा टिपा. तिन्ही कोन झाले की खालच्या ओळीत त्यांची बेरीज लिहा, ती आपोआप दिसू लागते. शेवटी अक्ष आणि चौकटी लपवा, अक्षरं मोठी करा. किती मोठी? प्रोजेक्टर लावून स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसा आणि वाचून पाहा. लॅपटॉपवर छान दिसणारी अक्षरं तिथून मुंग्यांसारखी दिसतात.

दशांश स्थळं किती ठेवायची ते सेटिंगमधल्या राउंडिंगमध्ये ठरतं. दोन ठेवली तरी कधीतरी हाताने केलेली बेरीज १८०.०१ येणारच. म्हणजे माझ्या त्या मुलीच्या प्रश्नापासून सुटका नाही, तो तयारीत धरूनच चला.

आता वर्गात. आकृती पडद्यावर आहे, पण अजून कुणी काही ओढायचं नाही. आधी प्रश्न: "हा वरचा बिंदू सरळ वर नेत गेलो तर वरचा कोन वाढेल की कमी होईल? खालच्या दोघांचं काय होईल?" उत्तर वहीत लिहायचं, खोडायचं नाही. सगळ्यांची पेन्सिल खाली आल्यावरच ओढायचं, आणि ओढणारा हात मुलाचा हवा. मी सुरुवातीला सगळं स्वतःच ओढून दाखवायची, मुलं "हो बाई" म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी विचारलं की पाटी कोरी. वहीत अंदाज लिहिलेला असला की मूल पडद्याकडे स्वतःचं उत्तर तपासायला पाहतं. अंदाज चुकला तर जास्तच निरखून पाहतं. पुढे जी साधनं सांगणार आहे त्या सगळ्यांत मी हाच क्रम पाळते. तो पाळला नाही तर कितीही चांगलं साधन असो, मुलांना ती करमणूक वाटते.

मोठ्या वर्गांसाठी स्लायडर, म्हणजे सरकवून संख्या बदलायची पट्टी, शिकून घ्या. a, b, c असे तीन स्लायडर आणि y = ax² + bx + c ही एक ओळ, एवढ्यात परवलय हलू लागतं. a चा स्लायडर ऋणाकडे नेला की वक्र पालथा पडतो, c बदलला की अख्खा वक्र वर-खाली सरकतो, हे मुलांना पटकन कळतं. b ने मात्र सगळ्यांची दांडी उडते. b बदलताना वक्राचा शिरोबिंदू स्वतःच एका वक्रावरून चालत जातो. तो कोणता, हा प्रश्न मी मुद्दाम घरी न्यायला देते. शिरोबिंदूच्या मागे खूण राहील अशी सोय जिओजेब्रात आहे, पण ती पहिल्या दिवशी सांगायची नाही.

न दिसणारं दाखवायला: फेट

कार्ल वीमन यांना २००१ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं आणि पुढच्याच वर्षी त्यांनी कोलोरॅडो विद्यापीठात फेट हा प्रकल्प सुरू केला. विज्ञान आणि गणिताची आभासी प्रयोगशाळा म्हणता येईल. अनेक प्रयोग मराठीतही भाषांतरित झालेले आहेत. ते ब्राउझरमध्ये उघडतात, आणि प्रयोगाची फाइल उतरवून पेनड्राइव्हवर ठेवली की नेटशिवायही चालतात.

माझ्या "अडलं" वहीतली सर्वांत हट्टी ओळ म्हणजे "दिव्यातून गेल्यावर वीजप्रवाह कमी होतो". मुलांचा तर्क चुकीचा म्हणता येत नाही. दिवा काहीतरी खातो, म्हणून पेटतो, म्हणून पुढे कमी उरणार. फळ्यावर बाण काढून हे जात नाही. त्यासाठी फेटमधला विद्युत परिपथाचा संच असा वापरते.

तासाआधी परिपथ जुळवून ठेवते: एक घट, एक दिवा, दिव्याच्या आधी एक अमीटर, म्हणजे वीजप्रवाह मोजणारं उपकरण, आणि नंतर एक. जुळवलेला परिपथ झाकून मी आधी फळ्यावर आकृती काढते आणि विचारते, दुसऱ्या अमीटरवर आकडा पहिल्यापेक्षा कमी, जास्त की तेवढाच? उत्तर बोटांनी छातीशी धरून दाखवायचं, एक, दोन किंवा तीन बोटं, म्हणजे शेजारच्याचं पाहून बदलता येत नाही. बहुतेक वेळा वर्ग दुभंगतो. मग मी काहीच न सांगता म्हणते, "शेजारी ज्याचं उत्तर वेगळं आहे त्याला दोन मिनिटांत पटवा." आणि पुन्हा बोटं. ही पद्धत माझी नव्हे, हार्वर्डमधल्या एरिक माझुर यांनी आपल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांत १९९० च्या दशकात ती रुजवली. तिला एका पैचं तंत्रज्ञान लागत नाही.

एवढं झाल्यावर पडदा. संचात मुळात घट ९ व्होल्टचा आणि दिवा १० ओहमचा असतो, त्यामुळे दोन्ही अमीटरवर ०.९० येतो. वर्गातून जो "अरे!" येतो, त्याच्यासाठी ही सगळी खटपट. लगेच पुढचा प्रश्न: आणखी एक तसाच दिवा एकसरीत जोडला तर? पुन्हा वही, पुन्हा अंदाज, मग ०.४५. इथे हुशार मुलं पहिल्यांदा अडकतात, कारण "पहिल्या दिव्याने निम्मा खाल्ला" असं म्हणायला त्यांना पुन्हा जागा मिळते. तेव्हा अमीटर तीन ठिकाणी लावा: दोघांच्या आधी, मधे आणि नंतर. तिन्हीकडे ०.४५ दिसलं की पळवाट बंद होते.

टॅब्लेट गटांना दिल्यावर पाच मिनिटं मोकळी सोडा. कुणीतरी घटाची दोन टोकं नुसत्या तारेने जोडणारच आणि पडद्यावर घटाला आग लागणारच. ती लागू द्या. सगळ्यांची आग लावून झाली की वर्ग शांत होतो. ही पाच मिनिटं मी आधी देत नसे, तेव्हा पूर्ण तासभर कोपऱ्याकोपऱ्यांत आगी लागत होत्या.

एक सावधगिरी मात्र घ्यायलाच हवी. या संचातला घट कधी उतरत नाही आणि तारांचा रोध जवळपास शून्य धरलेला असतो. मुलं हेच खरं समजून बसतात. म्हणून दुसऱ्या दिवशी खरा सेल, खरा दिवा, खऱ्या तारा. खरा दिवा पडद्यावरच्यापेक्षा मिणमिणता का, यावर मुलं जे बोलतात त्यातून घटाचा अंतर्गत रोध ही कल्पना आपोआप येते. खरं साहित्य असेल तर त्याच्या जागी पडदा नको.

सगळ्यांचं उत्तर एकदम कळण्यासाठी

इथे बरेच जण प्रश्नमंजुषेच्या खेळांकडे वळतात. कहूटसारख्या खेळात वर्ग अगदी दणाणून जातो, मीही तो कधीतरी, सुट्टीच्या आदल्या दिवशी, आनंदाने लावते. पण त्यात लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळतात, आणि विचार करून उत्तर देणारं मूल मागे पडतं. पाढ्यांना, संज्ञांना, राजधान्यांना चालेल. अपूर्णांकांना नाही.

माझं रोजचं काम गूगल फॉर्मवर भागतं. सेटिंगमध्ये जाऊन ते क्विझ करायचं म्हणजे उत्तरं आपोआप तपासली जातात. पर्यायांचा क्रम उलटसुलट करण्याची सोय चालू करायची. ई-मेल गोळा करणं बंद करायचं आणि नावाऐवजी हजेरीक्रमांक विचारायचा. हे सगळं दहा मिनिटांचं काम आहे. खरं काम असतं चुकीचे पर्याय लिहिण्याचं, आणि तिथे आपण घाई करतो.

उदाहरण घ्या: १/२ + १/३ किती? बरोबर उत्तर ५/६. आता चुकीचे पर्याय मनाला येतील ते टाकले तर फॉर्म फक्त "चूक" एवढंच सांगेल. त्याऐवजी २/५ टाका: हे निवडणाऱ्याने वरचे वर आणि खालचे खाली मिळवले. २/६ टाका: याने समान छेद काढला, पण अंश तसेच ठेवले. १/६ टाका: याने बेरजेऐवजी गुणाकार केला. फॉर्मच्या प्रतिसादांत स्तंभालेख उघडला की किती मुलांना कोणत्या मदतीची गरज आहे ते समोर येतं. २/६ वाल्यांना पाच मिनिटं पुरतात. २/५ वाल्यांना पुन्हा घडीच्या कागदापाशी न्यावं लागतं. दोघांना एकच "पुन्हा समजावणं" दिलं तर दोघांचाही वेळ जातो.

असे पर्याय सुचायला तुमची जुनी तपासलेली वही-पेपर उपयोगी पडतात. मुलं खरोखर जे लिहितात तेच पर्याय सर्वांत चांगले. शिवाय प्रत्येक प्रश्नाला, उत्तर चुकलं तर दिसेल अशी एक ओळ लिहून ठेवता येते. तिथे उत्तर सांगू नका, प्रश्न विचारा: "अर्ध्याहून कमी उत्तर कसं आलं?" २/५ निवडणारं मूल या एका ओळीने थबकतं.

टॅब्लेटही नसतील तर प्लिकर्सची कार्डं आहेत. प्रत्येक मुलाला चौकोनी नक्षीचं एक छापील कार्ड, चार बाजूंना चार अक्षरं. ज्या बाजूचं उत्तर द्यायचं ती वर धरायची, आणि शिक्षक मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो, तो सगळी कार्डं वाचतो. प्रत्येकाची नक्षी वेगळी असल्याने शेजाऱ्याचं पाहून फायदा नाही. कार्डं जाड कागदावर छापा, पण त्यावर चकचकीत प्लास्टिक चढवू नका. मी हौसेने चढवलं आणि खिडकीजवळच्या रांगेतल्या कार्डांवर उजेड पडून कॅमेऱ्याला काही दिसेना. तसंच, कार्ड धरताना बोट नक्षीवर येता कामा नये, हे पहिल्या आठवड्यात रोज सांगावं लागतं.

आता एक सवय सांगते, जिचा मला या सगळ्यांत जास्त फायदा झाला. दर सोमवारी तीन प्रश्नांचा फॉर्म: एक मागच्या तासाचा, एक मागच्या आठवड्याचा, एक महिन्यापूर्वीचा. गुण नाहीत. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणजे आठवताना होणारी ओढाताण हाच अभ्यास. मुलांना ही गोष्ट मी सांगून टाकली आहे, त्यामुळे "बाई, हे तर विसरलो" अशी तक्रार आली की वर्गच उत्तर देतो, "म्हणूनच विचारलंय."

घरी स्वतःचा अभ्यास करू शकणाऱ्या मोठ्या मुलांना मी अंकी हे प्रश्नोत्तरांच्या कार्डांचं साधन दाखवते. ज्या कार्डाचं उत्तर चुकतं ते लवकर परत येतं, येणारं कार्ड लांबणीवर जातं. संगणकावर आणि अँड्रॉइडवर ते मोफत आहे, आयफोनवर विकत घ्यावं लागतं, हे आधीच सांगून ठेवा. आणि कार्डं मुलांनी स्वतः करायची. दुसऱ्याची हजार कार्डं उतरवून घेतलेलं मूल चौथ्या दिवशी अंकी बंद करतं.

आवाज आणि चित्रफिती

यावर फार लिहिण्यासारखं नाही, पण एक युक्ती सोन्यासारखी आहे. मोबाइलचा साधा रेकॉर्डर घ्या आणि मुलाला म्हणा, "हे गणित कसं सोडवलंस ते एका मिनिटात बोल." लेखी उत्तर बरोबर असलेली कितीतरी मुलं इथे अडखळतात आणि आपल्याला नवी ओळ मिळते "अडलं" वहीसाठी. वर्गाची गडबड फारच आली असेल तर ऑडॅसिटी हे आवाज साफ करायचं मुक्त साधन आहे. बोलण्याआधी दोन सेकंद गप्प राहायला सांगा. नंतर तेवढाच तुकडा निवडून नॉइज रिडक्शनला नमुना म्हणून द्यायचा आणि पूर्ण ध्वनिफितीवर लावायचा. गोंगाट चांगलाच दबतो. जास्त दाबलात तर मूल विहिरीतून बोलल्यासारखं वाटतं.

चित्रफितीबद्दल माझा नियम चार मिनिटांचा. खान अकादमी असो की आणखी कुणी, अख्खी फीत लावून मी मागे वह्या तपासत बसले तर ते शिकवणं नव्हे, हे मला कबूल आहे आणि मी ते केलेलंही आहे. आता हवा तेवढाच तुकडा लावते. पहिल्यांदा आवाज बंद करून, मुलांनी काय चाललंय ते सांगायचं. मग आवाजासकट.

मी काय सोडलं

सरकत्या, उडत्या, गोल फिरणाऱ्या स्लाइड सोडल्या. एका तासाच्या सजावटीला माझे तीन तास जात, आणि मुलांना अक्षरं कुठून उडत आली तेवढंच आठवत असे. पडद्यावर वाक्य लिहून तेच वाक्य मोठ्याने वाचणंही सोडलं. मुलं वाचूही शकत नाहीत आणि ऐकूही शकत नाहीत. सगळ्यांनी मिळून चिठ्ठ्या चिकटवायचे ऑनलाइन फळे बहुतेक सोडले. मोठ्या मुलांच्या चर्चेला कधीतरी बरे पडतात, बाकी नव्याचे नऊ दिवस. आणि एका वर्षात दोनापेक्षा जास्त नवी साधनं वर्गात आणणं सोडलं. प्रत्येक नव्या साधनाचे पहिले दोन तास "बाई, कुठे दाबायचं?" यात जातात. ते तास कुठून तरी कापलेले असतात.

फुकट, मोफत, मुक्त

फुकट ते पौष्टिक असं आपण गमतीने म्हणतो, पण मोफत साधन निवडताना तीन गोष्टी तपासते.

पहिली, ते नेमकं कशा अर्थाने मोफत आहे? काही साधनं मुक्त आहेत, म्हणजे त्यांचा कोड खुला आहे आणि ती उद्या कुणी बंद करू शकत नाही: ऑडॅसिटी, लिबरऑफिस, अंकी. काही आज मोफत आहेत, पण मर्यादा घालून: इतकेच फळे, इतकेच विद्यार्थी. मर्यादा बदलत राहतात. आणि मोठ्या कंपनीचं साधन म्हणून ते कायम राहील असंही नाही. गूगलचा जॅमबोर्ड हा ऑनलाइन फळा जगभरच्या वर्गांत वापरला जात होता, २०२४ च्या अखेरीस तो बंद झाला. मी एका साधनावर, त्याचं नाव घेत नाही, दोन वर्षांच्या प्रश्नपेढ्या ठेवल्या होत्या. एका सकाळी त्यातल्या मोजक्याच उघडायच्या राहिल्या, बाकीच्यांवर कुलूप. त्या दिवसापासून प्रत्येक फॉर्मची एक छापील किंवा पीडीएफ प्रत आणि प्रश्नांची साधी मजकूर-फाइल माझ्या स्वतःच्या पेनड्राइव्हवर असते. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी अर्धा तास त्यासाठी राखून ठेवा.

दुसरी, मुलांकडून काय मागतं? नाव, फोटो, जन्मतारीख मागणारं साधन मी लहान वर्गांना देत नाही. बऱ्याच सेवांच्या अटींत १३ वर्षांखालच्या मुलांना स्वतःचं खातं उघडता येत नाही. ते वय चुकीचं टाकून उघडायला आपण शिकवायचं नाही. खातं लागतच असेल तर शिक्षकाचं, मुलांना फक्त दुवा.

तिसरी, चित्रं कुणाची? शोधात सापडलेलं चित्र उचलून स्वाध्यायपत्रिकेत टाकायची सवय मलाही होती. आता विकिमीडिया कॉमन्सवरून घेते. तिथे प्रत्येक चित्राखाली परवाना लिहिलेला असतो. बीवाय म्हणजे श्रेय द्या, एसए म्हणजे बदल करून वाटलंत तर त्याच अटींवर वाटा. श्रेयाची ओळ चित्राखालीच छोट्या अक्षरात लिहायची. मुलं प्रकल्पात तेच पाहून लिहू लागली आहेत.

नेट गेलं तर

ते जाणारच, आणि नेमकं निरीक्षणाच्या तासाला जाणार. म्हणून फेटच्या फाइली उतरवलेल्या, जिओजेब्रा संगणकावर बसवलेलं, आणि प्रत्येक महत्त्वाच्या टप्प्याचं पडदाचित्र एका फोल्डरमध्ये. संदर्भासाठी किविक्स ठेवा. त्यात विकिपीडियाचा अख्खा संच एका फाइलमध्ये उतरवून नेटशिवाय वाचता येतो. इंग्रजीचा सचित्र संच शंभर जीबीच्या आसपास जातो, मराठीचा त्यामानाने अगदी आटोपशीर. जागा कमी असेल तर चित्रांविना मिळणारे लहान संचही आहेत. वीजच गेली तर फळा आहे, बोटं आहेत, आणि अंदाज लिहिलेल्या वह्या आहेत. अशा दिवशी मी म्हणते, "पडदा उद्या. आज एकमेकांना पटवा." काही वेळा तो तास जास्त चांगला होतो.

१८१ पकडणारी ती मुलगी आता दोन इयत्ता पुढे आहे आणि परवलयं शिकते आहे. वर्गात नेण्याआधी नवी फाइल मी तिच्याकडे देते, मोडून दाखव म्हणून. मागच्या आठवड्यात स्लायडरची फाइल दिली. दुसऱ्या दिवशी सकाळीच शिक्षकखोलीच्या दारात उभी. "बाई, a शून्यावर आणला तर पडद्यावर सरळ रेघ येते. आणि तुमचं लेबल तरीही म्हणतं, परवलय."

लेबल मी बदललेलं नाही. उद्या वर्गाला पहिला प्रश्न तोच आहे.